सह्याद्रीची पोरं हिमालयात: परदेशातली क्षेत्रभेट कशी आखावी

साताऱ्याच्या पोराला तिरका दगड माहीत नसतो. अजिंक्यतारा बघा, पाचगणीचं टेबललँड बघा, कातळाचे थर कसे घडी घातलेल्या गोधड्यांसारखे एकावर एक आडवे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरला, निवला, त्यावर पुढचा पसरला. जन्मापासून हेच बघितलेल्या मुलाला पुस्तकातली वली (दुमडलेले थर), नती (थरांचा कल), प्रस्तरभंग (तडकून सरकलेला खडक) म्हणजे गणितातला ‘क्ष’ वाटतो. पेपरात लिहायचा आणि विसरायचा. मी इथल्या कॉलेजात भूगोल शिकवतो आणि तीन वेळा मुलांना नेपाळला घेऊन गेलोय. त्या तीन खेपांत जे जमलं आणि जे फसलं, ते इथे क्रमाने लिहितो. तुम्ही भूगोल, भूशास्त्र किंवा पर्यावरण शिकवत असाल, तर यातलं बरंच जसंच्या तसं वापरता येईल.

नेपाळच का, हिमाचल का नाही, हा प्रश्न पालकसभेत पहिला येतो, आणि तो रास्त आहे. दगड हिमाचलातही तिरके आहेत. पण सीमेवरच्या सोनौलीच्या नाक्यावरून पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग धरला की गंगेचं मैदान, शिवालिकच्या ठिसूळ टेकड्या, मग महाभारत रांग आणि शेवटी अन्नपूर्णेचा पायथा, असा अख्खा हिमालय एकाच रस्त्यावर उलगडत जातो. व्हिसा लागत नाही. पाट्या देवनागरीत असल्याने मुलं पहिल्याच दिवशी ‘पहिरो’ म्हणजे दरड, ‘बाढी’ म्हणजे पूर, ‘खोला’ म्हणजे ओढा हे आपापलं शोधून काढतात. डोंगराच्या धारेला तिथे ‘डाँडा’ म्हणतात. आपली दांडच ती! आणि दुसऱ्या देशाचं सरकार, दुसरी गावं त्याच संकटांना कशी तोंड देतात हे बघणं हाही अभ्यासाचा भाग आहे, तो हिमाचलात होत नाही.

सहा महिने आधी: घरचा कातळ

माझी पहिली खेप इथेच चुकली. मुलांना थेट नेलं. समोर माछापुच्छ्रे शिखर दिसलं, सगळ्यांनी सेल्फी काढले आणि वहीत लिहिलं, ‘उंच पर्वत. बर्फ आहे.’ दोष त्यांचा नव्हता, त्यांना बघायला कोणी शिकवलंच नव्हतं. तेव्हापासून नियम केला की जून ते ऑक्टोबर दर दुसऱ्या रविवारी घरच्या डोंगरावर. जो चारपैकी किमान तीन रविवार तरी आला नाही, त्याचं नाव यादीतून कमी, मग तो कोणाचाही मुलगा असो.

यवतेश्वरच्या घाटातून कासपर्यंतचा रस्ता हा आमचा पहिला वर्ग. रस्त्याच्या कापात बेसॉल्ट बघायचा, त्यातली बदामाच्या आकाराची पांढरी भरणं शोधायची. ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची घरं, मागाहून खनिजांनी भरलेली. खिळ्याने थोडी पूड खरवडा आणि तिच्यावर लिंबू पिळा. बारीक फसफस झाली तर कॅल्साइट, नाही झाली तर बहुधा झिओलाइट किंवा गारगोटी. विरल आम्ल रेल्वेतून न्यायची भानगड नको, लिंबू कुठेही मिळतं. वर कासच्या सड्यावर जांभा लागतो. त्याच्यावर माती इतकी पातळ की पावसाळ्यात पाणी साचून राहतं, आणि म्हणूनच तिथे तेरडा नि सीतेची आसवं फुलतात, आंबा-फणस नाही. दगड, पाणी, वनस्पती ही साखळी मुलांना इथेच कळली पाहिजे.

दुसरा वर्ग पावसाचा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. एसटीने एका दिवसात दोन्ही टोकं बघून होतात. तिसरा वर्ग सांगलीत, आयर्विन पुलाजवळ. पाणीपातळीच्या खुणा मुलांना वाचायला लावा. धोक्याची पातळी ४५ फूट आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. मग त्या १२ फुटांत कोणाकोणाचं घर गेलं, हे पुलाजवळच्या गल्लीत जाऊन विचारायचं.

चौथा वर्ग घरातच. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. पाटण, कराड, सातारा भागातल्या ज्याच्या घरी तेव्हाचं कोणी हयात आहे, त्याने आजी-आजोबांची मुलाखत घ्यायची. किती वाजता, कुठे होता, आधी काय ऐकू आलं, कुठली भिंत पडली, कुठली नाही. हेच प्रश्न पुढे नेपाळमध्ये विचारायचे आहेत, म्हणून प्रश्नावली आत्ताच घोटून घ्या. कराडजवळ केंद्र सरकारची बोअरहोलवर संशोधन करणारी प्रयोगशाळा आहे. कोयना भागात त्यांनी ३ किलोमीटर खोल विवर घेतलं, त्यात सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसॉल्ट लागला आणि खाली ग्रॅनाइटसारखे जुने खडक. रीतसर पत्र देऊन भेट मागा. आपला आडवा कातळ म्हणजे वरचं नुसतं पांघरूण आहे, हे कळल्यावर पोरं जरा गप्प होतात.

कागदपत्रं, आणि एक तक्रार

भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जायला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार कार्ड ही प्रवासाची ओळख म्हणून कॉलेजच्या वयाच्या मुलांना चालत नाही, आणि इथेच सगळे फसतात. १५ ते १८ वयाच्या विद्यार्थ्याला शाळेच्या मुख्याध्यापकांनी किंवा प्राचार्यांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं. अठरा पूर्ण झालेल्यांनी मतदार नोंदणी आधीच करून ठेवावी, कारण कार्ड हातात पडायला वेळ लागतो. पालकांचं संमतीपत्र, रक्तगट, औषधांची ॲलर्जी, विमा हे सगळं एका फाइलमध्ये, आणि त्या फाइलची दुसरी प्रत दुसऱ्या शिक्षकाच्या बॅगेत.

तारीख निवडताना पंचांग बघा. ऑक्टोबरात आकाश स्वच्छ असतं खरं, पण तेव्हा दसैं येतो. आपला दसरा तो तिथे दिवसचे दिवस चालतो, कार्यालयं बंद, बसभाडं चढं. पाठोपाठ तिहार, म्हणजे आपली दिवाळी. म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीचा शेवट धरून, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास निघतो. पुण्याहून गोरखपूरला थेट रेल्वे आहे, आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशी सकाळी आठला बसायचं. गोरखपूर ते सोनौली साधारण १०० किलोमीटर. पुढे नेपाळी बस ठरवायची.

बसवरून सांगतो. दुसऱ्या खेपेला एका टूरवाल्याकडे सगळं सोपवलं. त्याने आमच्या कागदावर ‘भूगोल अभ्यासदौरा’ वाचलं आणि हातात ठेवला देवळं, पॉइंट आणि खरेदीचा कार्यक्रम. मी रस्त्यात दगडापाशी थांबा म्हटलं की चालक म्हणायचा, ‘यहाँ कुछ नहीं है साहब.’ तीन तासांत बुटवल ते तानसेन आटोपलं. ज्यासाठी आलो ते खिडकीतून पळालं. आता मी करारातच लिहून घेतो की वाटेत किमान १० थांबे, प्रत्येकी अर्धा तास, जागा आम्ही ठरवू. पैसे थोडे जास्त लागतात, ते देतो. आणि पोखऱ्यातल्या एखाद्या कॉलेजच्या भूगोल किंवा भूशास्त्र विभागाला दोन महिने आधी पत्र लिहितो. तिथला एखादा प्राध्यापक दोन दिवस बरोबर आला तर अर्धं काम होतं. त्यांची मुलं आणि आपली मुलं एका वहीवर वाकलेली दिसली की दौरा सार्थकी लागला समजायचं.

पिशवीत काय

प्रत्येकाकडे पुठ्ठ्याची वही, दोन पेन्सिली, भिंग, साधं होकायंत्र, पाच मीटरचा टेप, शिट्टी, पाण्याची बाटली. मोबाइलचं होकायंत्र बसजवळ, लोखंडी पुलावर हमखास चुकतं. हातोडे पाचांत एक पुरे, नाहीतर मुलं दगड बघायच्या आधी फोडतात. नतिमापक विकत घेऊ नका. कंपासपेटीतला अर्धवर्तुळ कोनमापक घ्या, मधल्या छिद्रातून दोरा ओवा, टोकाला वॉशर बांधा. सरळ कड उताराला टेकवली की दोरा ज्या अंशावर येतो त्याचं ९० पासूनचं अंतर म्हणजे नती.

सराव कशावर करायचा? इथे तर सगळं आडवं. आम्ही जिमखान्यातला कॅरम बोर्ड आणतो, विटांवर तिरका ठेवतो, वर थोडं पाणी सोडतो. पाणी ज्या दिशेला धावतं ती नतीची दिशा, तिच्याशी काटकोनात जी आडवी रेघ तिला मुलं ‘स्ट्राइक’ म्हणतात. विटा बदला, बोर्ड फिरवा, पुन्हा मोजा. चार संध्याकाळी पुरतात. क्रीडाशिक्षकांची बोलणी मात्र खावी लागतात.

पैशांचं थोडक्यात. भारताच्या १०० रुपयांना नेपाळचे १६०, हा दर ठरलेला आहे. शंभराच्या नोटा भरपूर ठेवा. उरलेले नेपाळी पैसे सोनौलीतच बदला, गोरखपुरात कोणी घेत नाही.

रस्त्यावर

बुटवल सोडलं की तिनाऊ नदीच्या कडेने शिवालिकचे वालुकाश्म लागतात. हाताने चुरा होतो त्यांचा. बेसॉल्टवर हातोडे झिजवलेल्या पोरांना हा धक्का असतो, ‘सर, हा दगड आहे का मुरूम?’ हिमालयाचीच झीज नद्यांनी आणून टाकली, तिचा खडक झाला आणि तोही मागून उचलला गेला, हे त्या चुऱ्याकडे बघत सांगा. आणखी उत्तरेला मुख्य सीमा भ्रंश, म्हणजे दोन वेगळ्या खडकांमधला मोठा प्रस्तरभंग, ओलांडला जातो. तिथे रेघ आखलेली नसते, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर मुलं रेघ शोधत बसतात. शोधायचं ते एवढंच की दगडाचा रंग, कठीणपणा, थरांचा कोन कुठे बदलला.

थांबलं की आधी दहा मिनिटं काही करायचं नाही, नुसतं वर बघायचं. ताजी पांढरी खरचट दिसते का, झाडं वाकलीत का, बारीक खडे घरंगळतात का. यातलं काही दिसलं तर जागा सोडायची. दोन्ही वळणांवर एकेक जण लाल कापड घेऊन उभा, डोक्यावर हेल्मेट, दरीच्या बाजूला कोणी नाही. इथे लाड नाहीत.

मग मोजणी. गेल्या खेपेला तानसेनच्या अलीकडे रस्त्याच्या कापात एक चांगला थर उघडा मिळाला. कराडकडची एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिने बाटलीतलं पाणी त्या थरावर ओतलं. शेवाळाच्या ठिपक्याशी ते क्षणभर अडलं, मग वाट काढून मागे, कापाच्या आत पळालं. ती म्हणाली, ‘सर, पाणी डोंगरात घुसतंय.’ वहीत लिहिलं, नती ३५ अंश, दिशा उत्तर. मी विचारलं, मग हा डोंगर घसरेल का? ती विचारात पडली. थर आत कललेत, म्हणजे रचलेल्या पुस्तकांना आपण मागे भिंतीकडे कलवलंय, ती पुढे सहज घसरत नाहीत. मग तिनेच वळून दरीपलीकडच्या उत्तराभिमुख उताराकडे बोट केलं. तिथे थर आणि उतार एकाच दिशेला, छपरावरच्या कौलांसारखे. आणि त्याच उतारावर दोन दरडींचे व्रण. नेपाळच्या या भागात बरेच थर उत्तरेकडे कललेले आहेत, त्यामुळे हा हिशेब पुन्हा पुन्हा लावून बघता येतो. मात्र दरड नेहमी थरांमुळेच येते असं मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघरला दरड आली, तिथले थर तर आडवेच आहेत. तिथे कारण वेगळं, भिजून जड झालेला मातीचा जाड थर.

रामदीच्या पुलावर अर्धा तास नक्की थांबा. खाली कालीगंडकी. ही नदी हिमालयाच्या पलीकडून निघून धौलागिरी (८,१६७ मीटर) आणि अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) यांच्या मधून येते. देवघरातला शाळीग्राम याच नदीच्या वरच्या खोऱ्यातला. समुद्रातल्या अमोनाइट प्राण्याचा तो जीवाश्म. तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून बसणारा हा दगड कधीकाळी समुद्रतळाशी होता, हे घरून शाळीग्राम बघून आलेल्या मुलांना सांगायला वेगळं व्याख्यान लागत नाही. मात्र तिथून दगड, जीवाश्म काही उचलून आणायचं नाही. फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून.

पोखऱ्यात पाच दिवस

पोखरा साताऱ्याइतक्याच उंचीवर आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास नाही. मुक्काम एकच ठेवा आणि रोज एकच जागा. मोह आवरा.

सेती नदी शहरातून अरुंद, खोल घळईत वाहते आणि तिचं पाणी दुधट पांढरं असतं, चुनखडीच्या बारीक गाळामुळे. एक लिटर पाणी बाटलीत भरून रात्रभर खिडकीत ठेवा, सकाळी तळाचा गाळ पट्टीने मोजा. घरून निघण्याआधी ऑगस्टात संगम माहुलीला कृष्णेच्या पाण्याचं हेच केलेलं असेल तर शेजारी शेजारी लिहिता येतं. पोखऱ्याचं सगळं खोरं अन्नपूर्णेच्या बाजूने आलेल्या दगडगोट्यांनी भरलेलं आहे. त्याच भरावाने बाजूची दरी अडली आणि फेवा ताल, म्हणजे फेवा तलाव, तयार झाला. ५ मे २०१२ला हीच सेती अचानक फुगली. वर अन्नपूर्णेच्या कुशीत कडा कोसळून आलेल्या त्या लोंढ्यात ७०हून अधिक माणसं गेली, आणि त्या दिवशी खाली पाऊस नव्हता. हे सांगून झाल्यावरच मुलांना पात्रात उतरायचं की नाही ते विचारा. ते स्वतःच नाही म्हणतात.

फेवात नाव घेऊन पारदर्शकता मोजा. स्टीलच्या ताटलीवर काळे-पांढरे चार भाग रंगवा, मधोमध दोरी, अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी. ताटली दिसेनाशी होते ती खोली लिहा. पश्चिम टोकाला हर्पन खोला गाळ आणून टाकतो, तिथे आणि धरणाजवळ आकडे वेगळे येतात. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पोहता येतं म्हणणाऱ्यांनाही.

ओढ्याचा प्रवाह मोजायला नोव्हेंबरातलं स्वस्त संत्रं उत्तम, ते पाण्यात जवळजवळ बुडून तरंगतं, वारा लागत नाही. दहा मीटर अंतर, वेळ २० सेकंद, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. ओढा ६ मीटर रुंद, सरासरी खोली ४० सेंटीमीटर. पृष्ठभागाचा वेग तळापेक्षा जास्त असतो म्हणून ०.८५ने गुणा. उत्तर सेकंदाला साधारण १ घनमीटर, म्हणजे ३५ क्युसेकच्या आसपास. ‘कोयनेतून ५० हजार क्युसेक विसर्ग’ ही बातमी पावसाळ्यात ऐकलेली असतेच. आता तिच्यामागे किती ओढे ते मुलं स्वतः भागून बघतात.

इथेच आमची फजिती झाली. दोन गट, एक वरच्या पुलावर, एक खालच्या. वर वाळूचा ट्रॅक्टर पात्रात उतरला, पाणी गढूळ झालं, दोघांनी वेळ टिपली. रात्री ताळा बघितला तर गढूळ पाणी खालच्या पुलावर आधी पोचलेलं, वरच्यावर नंतर! तासभर वाद झाला. मग कळलं की नेपाळची वेळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे आणि खालच्या गटाचं घड्याळ साताऱ्यातच राहिलं होतं. सीमा ओलांडताच सगळ्यांची घड्याळं मिळवा, हे आता यादीत पहिलं आहे. पण तो वाद झाला ते बरंच झालं. ‘आपला आकडा चुकला असेल’ असं म्हणायला मुलं त्या रात्री शिकली.

उरलेल्या दिवसांत गुप्तेश्वरची गुहा नि तिच्यात झिरपणारा डेव्हिस धबधबा बघा. पोखऱ्याजवळच्या अर्मालात २०१३ पासून जमीन खचून खड्डे पडतायत, तिथे स्थानिकांना विचारूनच आणि कडेपासून लांबून. पण एक पूर्ण दिवस माणसांसाठी ठेवा. २५ एप्रिल २०१५च्या ७.८ क्षमतेच्या भूकंपाबद्दल बोलायचं, घरून आणलेल्या प्रश्नावलीने. आधी चहा, मग ओळख, मग ‘बोलायला चालेल का’, आणि नाही म्हटलं तर वही बंद. मुलांनी दोन्ही भूकंप शेजारी मांडले तेव्हा त्यांनाच एक गोष्ट दिसली. कोयनेचा पहाटे आला, सगळे घरात झोपलेले. नेपाळचा शनिवारी दुपारी बाराच्या सुमारास, तिथे शनिवार सुट्टीचा, शाळा रिकाम्या, बरेच लोक शेतात. भूकंपाची क्षमता आणि त्यातली जीवितहानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला सांगावं लागलं नाही.

वही

गुण फक्त शेताबांधावर लिहिलेल्या कच्च्या वहीला. आपल्याकडे प्रात्यक्षिक वही म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलीची वही सुवाच्य अक्षरात उतरवलेली. ही सवय मोडायला मी खोडरबर बंद केला. चुकलं तर एक रेघ मारा, शेजारी का चुकलं ते लिहा. रोज रात्री जेवणाआधी अर्धा तास प्रत्येकाने एक पान वाचून दाखवायचं. चित्र वाईट असलं तरी चालेल, पण त्यात उत्तर दिशा आणि माप हवंच. ‘निसर्गरम्य’ हा शब्द लिहिला की एक गुण कमी.

परतल्यावर

आठ दिवसांत पालकांना पैशांचा हिशेब, महिन्याभरात अहवाल. अहवाल गटाने, चार-पाच पानांचा, मराठीतच. त्यानंतर पाटण तालुक्यातल्या डोंगरउतारावरच्या एका गावात जायचं. पावसाळ्याआधी ग्रामपंचायतीला विचारून जुन्या भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकायच्या, मधलं अंतर टेपने मोजून खुंटीवरच रंगवायचं आणि गावातल्या दोघांना मोजायला शिकवायचं. पावसात रोज सकाळी एकदा. अंतर वाढलं तर सरपंच आणि तलाठी, दोघांनाही त्याच दिवशी फोन. टेप गावातच ठेवून यायचा, आणि लोखंडी नको, गंजतो. शिंप्याचा कापडीही नको, भिजला की ताणतो. फायबरचा घ्या.